तारीख एक दिवस मागे, वेळ साडेपाच तास पुढे: पायथॉनमधला तारीख-वेळेचा घोळ कसा शोधायचा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की मला एक ठरलेला फोन येतो. कधी पिंपळगावहून, कधी ओझरहून, कधी सातपूरच्या एखाद्या कारखान्यातून. "दादा, सॉफ्टवेअर तारीख चुकीची दाखवतंय." नाशिकमध्ये मी छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतो: पॅकहाऊसची नोंदवही, कांदा व्यापाऱ्याचा हिशेब, कामगारांची हजेरी. मागे बहुतेक पायथॉन, पुढे ब्राउझर, तळाला मायएसक्यूएल नाहीतर पोस्टग्रेस हा डेटाबेस. माणूस वेगळा, गाव वेगळं, बिघाड तोच.

फोनवर मी कोड मागत नाही. विचारतो, "चुकतेय म्हणजे नेमकी कितीनं चुकतेय?" हा आकडा मिळाला की घोडं कुठे पेंड खातंय ते निम्मं तिथेच कळतं. म्हणून आधी लक्षणं. कोडमधली नावं इथे आपण तोंडी म्हणतो तशीच लिहिली आहेत.

लक्षणं

• वेळ बरोबर साडेपाच तास मागे किंवा पुढे. यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) आणि आयएसटी (आपली भारतीय वेळ, तिच्या साडेपाच तास पुढे) कुठेतरी एकमेकांत मिसळले आहेत.

• तारीख एक दिवस मागे, आणि शेजारी १८:३० असा आकडा. किंवा तारीख बरोबर, पण शेजारी कुणी न भरलेले ०५:३०. नुसती तारीख हवी होती, वाटेत कुणीतरी तिला वेळ चिकटवली.

• पहाटे चुकतं, साडेपाचनंतर आपोआप बरं होतं. हे ऐकलं की मला बरं वाटतं, कारण निदान फोनवरच संपतं.

• २३ मिनिटांचा फरक. होय, तेवीस. यावर खाली सविस्तर.

• ११ तासांचा फरक. बरोबर असलेल्या वेळेवर तुमच्या आधी कुणीतरी साडेपाच तासांची 'दुरुस्ती' केली आहे, आणि दोनदा केली आहे.

• तारीख जानेवारी १९७० मधली.

• महिन्याच्या १ ते १२ तारखा उलटसुलट, १३ पासून पुढे वाचल्याच जात नाहीत.

• सगळ्या तारखा जानेवारीतल्याच.

• पन्नास नोंदी, पन्नासही एकाच सेकंदाला झालेल्या.

• रात्रपाळीचे तास उणे, किंवा चोवीस तासांहून जास्त थांबलेल्या माणसाचा हिशेब अर्ध्या तासाचा.

• 'कान्ट कम्पेअर ऑफसेट-नाईव्ह अँड ऑफसेट-अवेअर डेटटाइम्स' असा एरर. ऑफसेट म्हणजे यूटीसीपासूनचा फरक; तो सोबत नसलेली वेळ नाईव्ह, असलेली अवेअर. हे सगळ्यात चांगलं लक्षण, कारण प्रोग्राम निदान ओरडतोय. वरचे बाकीचे सगळे गपचूप चुकतात.

आता तपासण्या. क्रम फुकटाकडून महागाकडे आहे. मधली पायरी गाळू नका, मी गाळलेली आहे आणि दुपार घालवलेली आहे.

१. आधी घड्याळ बघा

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. मोबाइल हातात घ्या, ज्या मशीनवर प्रोग्राम चालतो तिचं घड्याळ त्याशेजारी बघा. चार-सात मिनिटांचा फरक असेल आणि तो दर आठवड्याला वाढत असेल, तर कोडला हात लावू नका. विंडोजमध्ये वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे का बघा, लिनक्सवर टाइमडेटसीटीएल चालवा आणि घड्याळ सिंक झालंय असं तो म्हणतो का ते वाचा.

एका आडत दुकानात दर सोमवारी सकाळी पहिल्या पाच-सहा पावत्या कित्येक वर्षं जुन्या तारखेच्या निघायच्या. पोरगं म्हणालं व्हायरस आहे. शनिवारी संध्याकाळी मालक मेन स्विच बंद करून घरी जायचे आणि मदरबोर्डवरचा सेल मेलेला होता. सीआर२०३२ नावाचा चपटा सेल, नाण्याएवढा. बदलला, विषय संपला. पोरानं तोपर्यंत विंडोज दोनदा नव्यानं टाकलं होतं.

टाइमझोनही इथेच बघा. विंडोजच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हे आपलं. त्याच्या जवळच श्रीलंकेचं 'श्री जयवर्धनेपुरा' असतं, तेही आज साडेपाचच, म्हणून चुकून निवडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. पण श्रीलंकेनं १९९६ ते २००६ या काळात घड्याळ वेगळं ठेवलं होतं, त्यामुळे त्या वर्षांतल्या नोंदी सरकू शकतात.

२. एक्सेलमधून आलेली तारीख

लासलगावच्या लिलावाचे भाव असोत नाहीतर मजुरांची यादी, आपल्याकडे डेटा एक्सेलमधूनच येतो. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. मशीन अमेरिकी सेटिंगवर असेल तर ४ मार्च. वाईट गोष्ट ही, की १ ते १२ पर्यंतच्या तारखा काही न बोलता उलटतात आणि १३ तारखेपासूनच्या मजकूर म्हणून तशाच पडून राहतात. म्हणजे एकाच रकान्यात दोन जाती.

ओळखायची युक्ती फुकट आहे. रकान्याचं डावं-उजवं अलाइनमेंट काढून टाका. खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. रकाना दातेरी दिसला की समजा.

पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत डेफर्स्ट ('दिवस आधी') लावून लोक निर्धास्त होतात. तो हुकूम नाही, शिफारस आहे. जमलं नाही तर तो दुसरा अर्थ लावतो. फॉरमॅट स्वतः लिहून द्या म्हणजे न जुळणारी ओळ एरर देईल. एरर हवाच आहे आपल्याला. फॉरमॅट लिहिताना महिन्यासाठी लहान एम, मिनिटासाठी मोठा एम. अदलाबदल झाली की १२/१०/२०२४ चं १२ जानेवारी होतं आणि ऑक्टोबरचे १० मिनिटांत जाऊन बसतात. सगळ्या तारखा जानेवारीत दिसल्या तर मिनिटांच्या जागी बघा, हरवलेला महिना तिथे सापडतो. वर्षासाठी मोठा वाय वापरा. लहान वाय दोन आकडी वर्ष वाचतो आणि ६८ पर्यंतचे आकडे २००० नंतरचे समजतो. १९६५ साली जन्मलेला शेतकरी अशानं २०६५ मध्ये जन्म घेतो आणि त्याचं वय उणे येतं.

तारखेऐवजी ४५००० असा आकडा आला तर घाबरू नका, तो एक्सेलचा दिवसांचा मोजणीआकडा आहे. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवा: १५ मार्च २०२३. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक म्हणतं, तरी आपण ३० डिसेंबरपासून का मोजायचं? कारण एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. ती जुनी चूक सुसंगततेसाठी तशीच ठेवली आहे.

दहा आकडी किंवा तेरा आकडी संख्या आली तर ती १ जानेवारी १९७० पासूनची मोजणी. दहा आकडे म्हणजे सेकंद, तेरा म्हणजे मिलिसेकंद. १७० कोटी सेकंद म्हणजे नोव्हेंबर २०२३. तीच संख्या मिलिसेकंद समजून वाचली तर २० जानेवारी १९७०. आकडे मोजा, हजारानं गुणा किंवा भागा, पुढे चला.

३. रेप्र छापून बघा

इथून कोड उघडायचा. नुसत्या प्रिंटमध्ये मजकूर आणि डेटटाइम सारखेच दिसतात, रेप्र लावला की टाइप उघडा पडतो. तीन प्रश्नांची उत्तरं वाचा. हे स्ट्रिंग आहे, डेट आहे की डेटटाइम? डेटटाइम असेल तर टीझेडइन्फो, म्हणजे टाइमझोनची माहिती, आहे का? असेल तर कुठला?

यातला पहिला प्रश्न लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. १२ ऑक्टोबरला द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली. ही कॅलेंडरवरची तारीख आहे. ती निफाडमध्ये १२ ऑक्टोबर आहे आणि रॉटरडॅमच्या माणसानं वाचली तरी १२ ऑक्टोबरच. तिला वेळ नाही, टाइमझोन नाही, तिची जागा डेट या टाइपमध्ये. उलट, फेब्रुवारीत संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी कंटेनरचं दार बंद झालं. हा एक क्षण आहे. त्या क्षणी रॉटरडॅमच्या भिंतीवर दुपारचे १:४० वाजले होते. तो टाइमझोनसकट डेटटाइममध्ये ठेवायचा. आणि तिसरी जात: फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ला. ही कुठल्याच दिवसाची नाही, ती टाइममध्ये.

छाटणीची तारीख डेटटाइममध्ये ठेवली की ती मध्यरात्री १२ चा क्षण होते, आणि क्षण झाला की तो टाइमझोनबरोबर सरकतो.

एक खोडी ध्यानात ठेवा. पायथॉनमध्ये डेटटाइम हा डेटचाच वारस आहे, म्हणून 'हे डेट आहे का' असं इझइन्स्टन्सनं विचारलं तर डेटटाइमही हो म्हणतो. आधी डेटटाइम तपासा, मग डेट.

४. साडेपाच तास

दहापैकी सात फोन इथले, त्यामुळे इथे जरा थांबू.

सर्व्हरवर दोन ओळी छापा: एक डेटटाइम.नाऊ रिकामा, दुसरा टाइमझोन.यूटीसी देऊन. दोन्ही सारखे आले तर सर्व्हर यूटीसीवर चालतोय. क्लाउडचे सर्व्हर आणि डॉकरचे कंटेनर बहुधा असेच असतात. तुमचा लॅपटॉप आयएसटीवर. "माझ्याकडे तर बरोबर चालतं" याचं कारण एवढंच.

आता दिशा बघा. खरी वेळ सकाळचे १० आणि स्क्रीनवर ४:३० असेल, तर यूटीसीची वेळ कुणीतरी आयएसटी समजून जशीच्या तशी दाखवली. स्क्रीनवर दुपारचे ३:३० असतील, तर आधीच आयएसटी असलेल्या वेळेला यूटीसी समजून त्यात आणखी साडेपाच तास मिळवले. पहिल्यात बदल करायला विसरले, दुसऱ्यात जास्तीचा केला. दुरुस्ती वेगवेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून दिशा कळल्याशिवाय कोडमध्ये कुठेही साडेपाच मिळवू नका.

पहिल्या प्रकारात नेहमीचा गुन्हेगार यूटीसीनाऊ. नावात यूटीसी असलं तरी तो परत देतो ती वेळ नाईव्ह असते, टीझेडइन्फो रिकामा. पुढचं सगळं कोड तिला स्थानिक वेळ समजतं. पायथॉन ३.१२ पासून तो वापरू नका असा इशाराच येतो. त्याऐवजी नाऊला टाइमझोन.यूटीसी द्या.

याच प्रकारातला जुळा भाऊ: सर्व्हर जेसनमध्ये २०२५-०२-१२टी०४:३०:०० असं पाठवतो, शेवटी यूटीसीची खूण म्हणून झेड नाही, अधिक शून्य नाही. ब्राउझर तिला स्थानिक वेळ धरतो आणि ४:३० दाखवतो. वेळ अवेअर केली की आयसोफॉरमॅट ऑफसेट आपोआप जोडतो आणि ब्राउझर गुपचूप १० दाखवतो.

दुरुस्ती करताना रिप्लेस आणि ॲजटाइमझोन यांत गल्लत होते. रिप्लेसनं टीझेडइन्फो बदलणं म्हणजे पेटीवरचं लेबल बदलणं: आत थॉमसन द्राक्षं, वर सोनाकाचं लेबल. काटे हलत नाहीत. ॲजटाइमझोन काटे हलवतो, क्षण तोच ठेवतो. नाईव्ह वेळ कुठल्या झोनची आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल तेव्हाच, आणि एकदाच, रिप्लेसनं लेबल लावा. नंतर कायम ॲजटाइमझोन.

माझी पद्धत: आत येताच अवेअर करायचं, साठवायचं यूटीसीत, दाखवताना 'एशिया/कोलकाता'. तुमचं सॉफ्टवेअर एका दुकानाचं असेल, एकच मशीन, सगळी माणसं आडगाव ते अंबडमधली, आणि सुरुवातीपासून सगळं आयएसटीत साठवलेलं असेल, तर उगाच मोडतोड करू नका. पाप आयएसटीत ठेवणं हे नाही. निम्मं आयएसटीत आणि निम्मं यूटीसीत ठेवणं हे आहे.

नाईव्ह-अवेअरच्या एररबद्दल एक सावधगिरी. लहान-मोठं तपासताना किंवा वजाबाकी करताना एरर येतो. पण 'दोन्ही सारखे आहेत का' असं विचारलं तर एरर येत नाही, गपचूप 'नाही' असं उत्तर येतं. डुप्लिकेट नोंद पकडणारा कोड असा महिनोन्महिने झोपून राहतो.

५. एक दिवसाचा फरक

पॅकहाऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मला सगळ्यात जास्त घाबरवतो. फवारणी झाली १२ फेब्रुवारीला. सुपरवायझरनं ब्राउझरमधल्या कॅलेंडरवर १२ वर बोट ठेवलं. जावास्क्रिप्टनं त्याचा १२ तारखेची मध्यरात्र, आयएसटी, असा क्षण केला. पाठवताना टूआयसोस्ट्रिंग वापरलं, ते नेहमी यूटीसीत बोलतं, म्हणून निघालं ११ फेब्रुवारी १८:३०. सर्व्हरनं पहिली दहा अक्षरं कापून घेतली: ११ फेब्रुवारी. आता औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस, एक दिवस आधीच पूर्ण झालेला दिसतो. सॉफ्टवेअर 'काढणी चालेल' असं हिरव्या रंगात सांगतं, प्रत्यक्षात एक दिवस बाकी असतो. माल युरोपला जाणार असेल तर हा एक दिवस उर्वरित अंशाच्या तपासणीत महाग पडू शकतो.

तपासायचं कसं? ब्राउझरचे डेव्हलपर टूल उघडा, नेटवर्कमध्ये जाऊन पाठवलेली विनंती वाचा. १८:३० दिसलं की चोर सापडला. तारीख ब्राउझरमधून वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरातच पाठवा, सर्व्हरवर डेटमध्ये घ्या, तिला वेळ कुठेच लागू देऊ नका.

उलट बाजूही आहे. ब्राउझरला नुसती '२०२५-०२-१२' दिली तर तो यूटीसीची मध्यरात्र धरतो, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. भारतात तारीख बरोबरच दिसते, म्हणून चूक लपते. तोच रिपोर्ट न्यूयॉर्कच्या खरेदीदारानं उघडला तर ११ तारीख दिसते. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात हे वेगळं सांगत नाही, ते एकदा पोळलेल्याला पुरतं.

आणि पहाटेची गोष्ट. सर्व्हर यूटीसीवर असताना डेट.टुडे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत कालची तारीख देतो. द्राक्षतोडीची माणसं पहाटेच जमतात. पाच वाजता सुपरवायझर प्लॉट उघडतो तेव्हा 'छाटणीपासून १२१ वा दिवस' असं येतं, सहाला उघडलं तर १२२ वा. त्याला वाटतं मोबाइल हँग आहे. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे बदलते, जवळजवळ पंचांगातल्या वारासारखी, सूर्योदयाच्या सुमाराला. त्यामुळे पंचवटीतल्या एखाद्या भटजींना हे सॉफ्टवेअर अगदी शास्त्रशुद्ध वाटेल. आपल्याला मात्र 'आज' हवा असेल तेव्हा कोलकाता झोन देऊन नाऊ घ्यायचं आणि त्याची डेट काढायची.

६. तेवीस मिनिटं

पायटीझेड नावाची टाइमझोनची जुनी लायब्ररी. तिचा कोलकाता झोन डेटटाइम बनवताना थेट टीझेडइन्फोत दिला की ती यादीतला सगळ्यात जुना ऑफसेट उचलते, कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटं. सकाळचे १० यूटीसीत ४:०७ होतात, परत आणले की ९:३७. तेवीस मिनिटं गायब.

उपाय दोन. जुना कोड ठेवायचा असेल तर लोकलाइज वापरा. नवा लिहित असाल तर झोनइन्फो, पायथॉन ३.९ पासून आतच मिळते. विंडोजवर मात्र टीझेडडेटा वेगळं टाकावं लागतं, नाहीतर झोन सापडत नाही म्हणून ओरडते.

हे जुने ऑफसेट निरुपयोगी नाहीत. आयएसटी १९०६ पासूनची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली. नाशिक त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेनऊ अंश, म्हणून आपली सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असते. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं. त्या काळात जन्मलेल्या आजोबांची पत्रिका करताना जुने ज्योतिषी तो तास वजा करतात. झोनइन्फोलाही तो ठाऊक असतो, 'साडेपाच मिळवा' असं हातानं लिहिलेल्या कोडला नसतो.

७. वजाबाकी आणि रात्रपाळी

अंबडच्या एका हजेरीच्या कोडमध्ये मी हे पाहिलं. आत २२:००, बाहेर सकाळी ६:३०. टाइममधून टाइम वजा होत नाही, एरर येतो. म्हणून लिहिणाऱ्यानं दोन्हींना आजची तारीख जोडली. उत्तर आलं उणे साडेपंधरा तास. पायथॉन ते 'उणे एक दिवस अधिक साडेआठ तास' असं ठेवतो. पुढे त्यानं टाइमडेल्टाचे (दोन वेळांतल्या फरकाचे) सेकंड्स घेतले, आणि त्यात फक्त साडेआठ तासांचाच भाग येतो. दोन चुका, उत्तर बरोबर! त्यामुळे वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. मग एक जण पंच करायला विसरला आणि त्यानं दुसऱ्या दिवशी रात्री २२:३० ला पंच केलं. तोपर्यंत यंत्र खऱ्या तारखा द्यायला लागलं होतं, फरक साडेचोवीस तासांचा होता, आणि सेकंड्सनं हिशेब लावला अर्धा तास.

सेकंड्स नाही, टोटल सेकंड्स. आणि पंचाची तारीख पंचाबरोबरच साठवा, नंतर अंदाजानं जोडू नका.

सगळ्या नोंदी एकाच सेकंदाच्या असतील तर फंक्शनच्या किंवा जँगो (पायथॉनची वेब चौकट) मॉडेलच्या डिफॉल्टमध्ये नाऊपुढे कंस लागलाय. तो सर्व्हर सुरू होताना एकदाच चालला. जँगोमध्ये कंस काढा; फंक्शनमध्ये डिफॉल्ट नन ठेवा आणि नाऊ आत घ्या.

८. डेटाबेस

इथे वाचा भरपूर, लिहू काहीच नका. मायएसक्यूएलमध्ये नाऊ आणि यूटीसी टाइमस्टॅम्प एका ओळीत सिलेक्ट करा म्हणजे सेशनचा, म्हणजे त्या जोडणीचा, झोन कळेल. मग रकान्याचा टाइप बघा. टाइमस्टॅम्प हा आत यूटीसीत ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये बदलतो. डेटटाइम दिलं तसं ठेवतो, काही बदलत नाही. एकाच टेबलात दोन्ही असतील तर सर्व्हरचा झोन बदलल्यावर एक रकाना सरकतो आणि दुसरा जागेवर राहतो. म्हणून 'सर्व्हरच आयएसटीवर टाकून दे की' हा सल्ला मी हंगामाच्या मध्यात कधीच ऐकत नाही.

पोस्टग्रेसमध्ये 'विथ टाइम झोन' नाव असलं तरी झोन साठत नाही. क्षण यूटीसीत साठतो, नाव फेकून दिलं जातं. कुठल्या गावची वेळ होती हे लागणार असेल तर वेगळा रकाना हवा.

युरोपशी काम असेल तर झोनचं नाव ठेवा, आकडा नको. नेदरलँड्स हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, आपल्या सकाळी साडेसहाला, ते साडेतीन होतं. आपला निर्यातीचा हंगाम तेव्हा भर रस्त्यात असतो. मार्चअखेर एका तासाचा फरक दिसू लागला तर साडेचार कुठे लिहून ठेवलेत ते शोधा.

थांबायचं कुठे

आता दोनदा झालेल्या दुरुस्तीची गोष्ट. ती चूक माझीच. एका गोदामाच्या जुन्या नोंदी साडेपाच तास मागे होत्या, म्हणून मी हजार-हजारच्या गठ्ठ्यांनी मिळवत जाणारी स्क्रिप्ट लावली. ती मध्येच अडकली. मी जेवून आलो आणि पहिल्यापासून परत चालवली. सुरुवातीचे गठ्ठे दोनदा सरकले, उरलेले एकदा, आणि कुठले किती हे टेबलाकडे बघून सांगता येईना. रात्री दीडपर्यंत बॅकअपमधून परत आणत बसलो. बॅकअप होता म्हणून निभावलं.

त्यामुळे सरळ सांगतो, खालीलपैकी काहीही असेल तर तिथेच हात थांबवा.

जुना डेटा मिश्र आहे आणि कुठली ओळ कुठल्या झोनची हे दुसऱ्या पुराव्याशिवाय ठरत नाही: डेटाबेसचा जाणकार बोलवा. तो येईपर्यंत पूर्ण बॅकअप घ्या, नवीन नोंदींचा कोड दुरुस्त करा, जुन्यांना शिवू नका.

हजेरीवरून पगार किंवा ओव्हरटाइम वाटून झालाय: अकाउंटंटला आधी सांगा. तास बदलले की पैसे बदलतात.

१ एप्रिलच्या पहाटेची बिलं ३१ मार्चमध्ये गेली आहेत: ती मागच्या आर्थिक वर्षात पडली. सीएला विचारल्याशिवाय एकही तारीख बदलू नका.

फवारणीच्या नोंदी पुढे पाठवून झाल्या आहेत: मूळ कागदी वही काढा, निर्यातीचं काम बघणाऱ्या कृषी सल्लागाराला दाखवा. तोपर्यंत त्या प्लॉटची काढणी थांबवा.

सेल बदलूनही घड्याळ मागे पडतंय: हार्डवेअरवाला. बोटाच्या हजेरीयंत्राचं घड्याळ चुकत असेल तर ज्यानं बसवलं तोच, ते उघडू नका.

आणि कुणालाही फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: चुकलेल्या पाच नोंदी, प्रत्येकीची भिंतीवरच्या घड्याळातली खरी वेळ, स्क्रीनवरची वेळ, डेटाबेसमधली वेळ, रकान्याचा टाइप, आणि चूक पहिल्यांदा कुठल्या तारखेला दिसली. त्या तारखेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत सर्व्हर बदलला का, पायथॉन वाढवलं का, कुणी 'छोटीशी दुरुस्ती' केली का, तेही. "काही केलं नाही दादा" असं उत्तर आलं, तर डिप्लॉयची, म्हणजे सर्व्हरवर नवा कोड चढवल्याची, नोंद उघडून बघा.